दावा कोणाचा, खुलासा कोणाचा?

हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावाबद्दल मी एका अंकासाठी लिहिलं होतं. छापायला देण्याआधी, जिच्याशी बोललो होतो त्या मासळीवालीला मजकूर वाचून दाखवला. ‘मच्छीमार आणि त्यांच्या बायका’ या शब्दांवर तिने थांबवलं. “बायका काय? बोली आम्ही लावतो, पैसे आम्ही मोजतो.” हातातलं पापलेट तिने खालीही ठेवलं नव्हतं.

शिवी चटकन ओळखू येते. पूर्वग्रह दडतो तो असल्या साध्या शब्दांत, आणि सगळ्यात जास्त क्रियापदात. अमेरिकेत 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या फिती दाखवून वेग विचारला. प्रश्नात गाड्या एकमेकींवर ‘आपटल्या’ म्हटलं, तेव्हा सरासरी उत्तर आलं ताशी 40.5 मैल, नुसत्या ‘धडकल्या’ म्हटलं, तेव्हा 34. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, काच फुटलेली दिसली का? ‘आपटल्या’ ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 हो म्हणाले, ‘धडकल्या’ ऐकलेल्यांपैकी 7. फितीत काच फुटलीच नव्हती! म्हणजे शब्दाने अंदाज तर वाढवलाच, वर आठवणीतही भर घातली.

आता आपल्या किनाऱ्यावरचा वाद घ्या. बटव्याच्या नाडीसारखं खालून आवळलं जाणारं पर्ससीन जाळं विरुद्ध पारंपरिक मासेमारी. 2016 साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी भांडण मिटलेलं नाही. अशा बातमीत एका बाजूने ‘स्पष्ट केलं’ आणि दुसरीने ‘दावा केला’ असं लिहिलं, की निकाल लागलाच. दोघांनीही ‘सांगितलं’ तर काय बिघडतं? आंदोलनाला ‘अवघे’ 200 जण आले की ‘तब्बल’ 200? आकडा तोच, लिहिणाऱ्याची बाजू वेगळी. ‘खारफुटी तोडली गेली’ हे तर आपलं लाडकं वाक्य. कुऱ्हाड जणू आपोआप चालली.

मी एक युक्ती वापरतो. वाक्यातली नावं उलटी घालायची. ‘पारंपरिक मच्छीमारांनी धुडगूस घातला’ याच्या जागी ‘बोटमालकांनी धुडगूस घातला’ लिहिताना हात अडखळला, तर शब्द बदलायचा.

त्या लेखात मी ‘मासळी विकणाऱ्या आणि मच्छीमार’ असं केलं. अंक आला. वर ठळक अक्षरांत मथळा होता: ‘मच्छीमार बांधवांची संध्याकाळ’.