एअर काढली, तरी पेडल खालीच जातंय

“काका, अजून खाली जातंय.” ब्रेकच्या पेडलबद्दलचं हे वाक्य मी त्या रविवारी निदान दहा वेळा ऐकलं असेल. गाडी १२ वर्षं जुनी हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम, ब्रेक ऑईल काळ्या चहासारखं झालं होतं म्हणून घरीच बदलायला घेतलं. शेजारचा कॉलेजातला पोरगा सीटवर, मी चाकापाशी रिंग पाना आणि पारदर्शक नळी घेऊन, आणि मग गॅरेजात चालतो तोच मंत्र: पंप मार, पंप मार, धरून ठेव, मी निपल (चाकाशी असलेला, ऑईल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) उघडतो, बंद केला म्हटलं की मगच सोड. चारही चाकांपाशी दोनदा फिरून झालं, अर्ध्या लिटरचा डबा संपला, तरी काका अजून खाली जातंय. मी दुसरा डबा आणला आणि परत तेच सुरू केलं. मूर्खपणा असा की तोपर्यंत मी स्वतः सीटवर बसून एकदाही पेडल दाबून बघितलं नव्हतं.

ब्रेकच्या नळ्यांत, म्हणजे लाईनमध्ये, अडकलेली हवा बाहेर काढणं म्हणजे एअर काढणं, आणि पेडल खाली जातंय म्हणजे हवाच राहिली असं मी धरून चाललो होतो. तर आधी एक बुडबुडा नेमकं काय करतो ते बघू, कारण हिशोब मजेदार आहे. ब्रेक ऑईल दाबलं तर आक्रसत नाही म्हणतात, म्हणजे जोरदार ब्रेकला लाईनमध्ये जो दाब असतो त्यातही ते एक टक्कासुद्धा आक्रसत नाही. म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो, आणि मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबलं की ऑईल ढकलणाऱ्या नळकांड्याचा) पिस्टन लहान, कॅलिपरचा (चाकाशी डिस्क पकडणाऱ्या भागाचा) मोठा म्हणून वाढून पोचतो, तो पास्कलचा नियम शाळेत झालाय सगळ्यांचा. हवेचं तसं नाही. १ सीसी हवा लाईनमध्ये राहिली आणि दाब वातावरणाच्या १० पट झाला की ती ०.१ सीसी होते, म्हणजे ०.९ सीसी ऑईल नुसतं तिला चेपण्यात गेलं. मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर धरला तर त्यासाठी पिस्टनला जवळजवळ ३ मिलिमीटर पुढे जावं लागतं, आणि पेडलच्या दांड्याचं गुणोत्तर साधारण ४ धरलं तर पायाला ११-१२ मिलिमीटर. चहाच्या चमच्यात ५ सीसी मावतात, त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या हवेने पेडल सेंटिमीटरभर खाली जातं!

मग ही हवा निघत का नाही? पहिलं कारण, बुडबुड्याला वरच जायचं असतं आणि आपण त्याला खाली ढकलत असतो. ऑईलची टाकी वर बॉनेटमध्ये, निपल खाली चाकाशी. हळूहळू ऑईल सोडलं तर मोठा बुडबुडा लाईनच्या उंच वाकणात जाऊन बसतो आणि ऑईल त्याच्या खालून निघून जातं, म्हणून प्रवाह जोरदार पाहिजे. पण म्हणून धडाधड पंप मारायचे नाहीत, त्याने मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात, आणि बारीक बुडबुड्याचा व्यास निम्मा झाला की त्याचा वर यायचा वेग चौथाई होतो. बारीक बुडबुडे धातूला चिकटूनही बसतात, तेव्हा कॅलिपरवर लाकडी मुठीने किंवा रबरी हातोडीने टकटक करायची, ती काही अंधश्रद्धा नाही. ऑईल टाकीत उंचावरून ओतणं, डबा हलवणं, हेही त्यातच आलं.

दुसरं, निपल. कॅलिपरवर निपल सगळ्यात वर असायला हवा, कारण हवा तिथेच जमते. कॅलिपर खोलून परत बसवताना डावा-उजवा बदलला तर बऱ्याच गाड्यांत तो बसतो छान, फक्त निपल खाली येतो, आणि मग डबेच्या डबे ओता, वरचा हवेचा कप्पा जागचा हलत नाही. हे इतकं साधं आहे की कोणी बघतच नाही.

तिसऱ्यात मी स्वतः फसलो. निपलला लावलेल्या हातपंपाने ऑईल ओढत होतो तर नळीत बुडबुडे थांबायलाच तयार नाहीत, शेवटी लक्षात आलं की ती हवा ब्रेकमधली नव्हतीच. निपल सैल केला की आट्यांच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि नळीत दिसते. आट्यांना वरवर जाडसर ग्रीस लावलं की हा खेळ थांबतो. पायाने पंप मारताना उलट होतं, आतला दाब जास्त म्हणून फटीतून ऑईलच बाहेर झिरपतं. फक्त निपल बंद करायच्या आधी पाय उचलला तर हवा आत, सगळं पहिल्यापासून.

रविवारी रात्री मी शेवटचा उपाय म्हणून पेडल दाबून त्याला काठीचा टेकू दिला आणि झोपलो. बरेच जण सांगतात हे. दाबाखाली बुडबुडे बारीक होतात, काही ऑईलमध्ये विरघळतात, इथपर्यंत बरोबर आहे. पण पेडल दाबलेलं असताना मास्टर सिलिंडरमधून टाकीकडे जायचं भोक बंद असतं, म्हणजे हवा विरघळली तरी गेली कुठेच नाही, माझ्या मते नुसती गाडी रात्रभर उभी ठेवली तरी चालेल. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, पेडल दाबलं की ब्रेक लाईट लागतो. २१ वॅटचे दोन बल्ब, १२ व्होल्ट, म्हणजे साडेतीन अँपियर, दहा तास. माझी बॅटरी ३५ अँपियर-तासांची आहे. सकाळी चावी फिरवली तर टक् एवढाच आवाज.

तर सोमवारी संध्याकाळी, धक्कास्टार्ट वगैरे न करता बॅटरी चार्ज करून, मी सीटवर बसलो आणि पेडल दाबलं. खोल गेलं, पण तळाशी एकदम दगडासारखं कडक. दोनदा भरभर पंप मारला तर वर आलं आणि तरीही कडकच. स्पंजाचं नावसुद्धा नाही! पोरगा चूक सांगत नव्हता, तो “खाली जातंय” म्हणत होता आणि मी ते “स्पंज आहे” असं ऐकत होतो.

यात मोठा फरक आहे. हवा असेल तर पेडल उशीसारखं लागतं, जोर वाढवला की आणखी थोडं जातं. जुना होज पाईप दाबाने फुगत असेल तरी जवळपास तसंच. खोल जाऊन कडक लागलं तर ऑईल चेपलं जात नाहीये, ते कुठेतरी रिकामं अंतर भरण्यात खर्च होतंय. आणि पेडल धरून ठेवल्यावर लिफ्टसारखं सावकाश खाली बसत गेलं तर गळती आहे, बाहेर थेंब दिसत नसेल तर बहुतेक मास्टर सिलिंडरच्या रबरी कपातून आतल्या आत. हा तिसरा प्रकार कधीकधी आपणच ओढवून घेतो. रोज पिस्टन निम्माच जातो, पुढच्या भागात वर्षानुवर्षं गंज नि गाळ साचतो, आणि एअर काढताना पेडल तळापर्यंत नेलं की रबर त्या खरखरीत भागावर घासून फाटतं. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला की झालं. (इंजिन चालू करताच पेडल थोडं खाली जातं ते बूस्टरमुळे (पायाच्या जोराला मदत करणारा भाग), तो बिघाड नाही.)

माझं रिकामं अंतर मागच्या ड्रममध्ये होतं. हँडब्रेक आठ-नऊ खटके वर येत होता, ही खूण महिनाभर डोळ्यासमोर होती. लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) झिजतात तसे ॲडजस्टरने त्यांना ड्रमजवळ आणत राहायचं असतं, माझे दोन्ही गंजून जाम. साफ करून, चाक हाताने फिरवल्यावर जरासं घासेल इतपत आवळले, पेडल वर आलं. दुसरा डबा फुकट गेला होता.

टाकी मात्र रिकामी होऊ दिली नव्हती हे नशीब. एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाडीत टाकी कोरडी पडून हवा तिच्या व्हॉल्वच्या डब्यात, म्हणजे मॉड्युलेटरमध्ये शिरली तर बऱ्याचदा स्कॅनर लावून आतले व्हॉल्व चालवल्याशिवाय ती निघत नाही, तिथे गपगुमान गॅरेज गाठायचं. आणि उरलेलं उघडं ऑईल पुढच्या वर्षीसाठी ठेवायचं नाही, ते हवेतला ओलावा ओढतं. नवीन डॉट ४ (ब्रेक ऑईलचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते, आणि लांब घाट उतरताना तापलेल्या कॅलिपरात तेच उकळून वाफ झाली की परत बुडबुडाच, फक्त या वेळी दरीच्या कडेला. गाडी थंड झाली की पेडल ठीक, म्हणून मेकॅनिकला काहीच सापडत नाही.

सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये पायी चालण्याच्या वेगाने दहा-बारा ब्रेक मारून बघितले. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही निपलना टिश्यू पेपर लावला, मागच्या उजव्याचा ओला निघाला, तो जरासा आवळला.