व्होल्टेजच्या मर्यादा बोर्डाच्या वर्णनात कशा आल्या

एम्बेडेड बोर्डाच्या (उपकरणात बसवल्या जाणाऱ्या छोट्या संगणकाच्या) डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे त्याच्या हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, बहुतेक रेग्युलेटरांपुढे (ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या भागांपुढे) किमान आणि कमाल व्होल्टेजचे दोन आकडे लिहिलेले आढळतात. ते पॉवर चिपची क्षमता दाखवतात असे नवख्याला वाटते, पण त्यांचा खरा संबंध त्या बोर्डावर त्या रेलवर (रेग्युलेटरपासून निघणाऱ्या वीजवाहिनीवर) जोडलेल्या भागांना किती व्होल्टेज सोसवते याच्याशी आहे.

चिपची क्षमता आणि बोर्डाची मर्यादा ही विभागणी लिनक्समध्ये रूढ झाली ती ऑक्टोबर 2008 मध्ये आलेल्या 2.6.27 या आवृत्तीपासून. वुल्फसन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या कंपनीतील लियम गर्डवुड यांनी लिहिलेल्या रेग्युलेटर फ्रेमवर्कमध्ये (रेग्युलेटर हाताळणाऱ्या सामायिक कोडमध्ये) ड्रायव्हरने, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या कोडने, चिपला काय जमते ते सांगायचे आणि बोर्डाच्या वर्णनाने त्यातले किती वापरू द्यायचे ते ठरवायचे, अशी रचना होती. बोर्डाने मर्यादा दिलीच नसेल तर फ्रेमवर्क व्होल्टेज बदलू देत नाही. चुकीच्या व्होल्टेजने प्रोसेसर कायमचा निकामी होऊ शकतो, हे पाहता ही सावधगिरी मला अत्यंत योग्य वाटते.

त्या काळी या मर्यादा प्रत्येक बोर्डाच्या सी भाषेतील फाइलमध्ये असत. एआरएम जातीचे प्रोसेसर असलेल्या बोर्डांच्या अशा फायलींचा पसारा इतका वाढला, की मार्च 2011 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. हार्डवेअरचे वर्णन कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या मूळ प्रणालीच्या, कोडबाहेर काढण्यासाठी मग ओपन फर्मवेअर या संगणक सुरू करणाऱ्या प्रणालीच्या मानकातून आलेल्या आणि पॉवरपीसी जातीच्या प्रोसेसरांवर आधीपासून वापरात असलेल्या डिव्हाइस ट्रीचा आधार घेतला गेला. 2012 च्या 3.3 आवृत्तीत रेग्युलेटरच्या मर्यादाही तेथे लिहिण्याची सोय झाली. आकडे मायक्रोव्होल्टमध्ये (व्होल्टच्या दशलक्षांश भागात), पूर्णांकात लिहायचे असल्याने 12.5 मिलिव्होल्टची पायरीही दशांश चिन्हावाचून मांडता येते. दोन्ही आकडे सारखे असतील तर व्होल्टेज स्थिर मानले जाते. वेगळे असतील तर त्या पट्ट्यात ते बदलण्याची परवानगी मिळते.

घोटाळा होतो तो नमुन्यावरून नक्कल करताना. टीपीएस65217 या पॉवर चिपच्या दस्तऐवजातील नमुन्यात दुसऱ्या डीसीडीसी रेग्युलेटरची (एका डीसी व्होल्टेजचे दुसऱ्यात रूपांतर करणाऱ्या भागाची) मर्यादा 900000 ते 3300000, म्हणजे चिपला देता येणारा जवळपास सगळा पट्टा, अशी दिलेली होती. हीच चिप बीगलबोन ब्लॅक या बोर्डावर प्रोसेसरच्या गाभ्याला वीज पुरवते आणि तिथल्या वर्णनात मर्यादा 925000 ते 1351500 अशी आहे. नमुन्यातला आकडा तसाच उचलला, तर 3.3 व्होल्टची मागणीही फ्रेमवर्कच्या तपासणीतून सुटेल आणि गाभ्याला ते व्होल्टेज सोसणारे नाही.

1351500 हा आकडाही डोळे मिटून घेण्यासारखा नाही. त्याच्या शेजारच्या टिप्पणीत 0.95 ते 1.26 व्होल्ट आणि 4 टक्के सूट (कमी-जास्त होण्याची मुभा) असे म्हटले आहे, पण 1.26 वर 4 टक्के धरले तरी उत्तर 1.31 च्या आसपासच येते. या आकड्याचा उलगडा होण्यासाठी प्रोसेसरच्या वेग-व्होल्टेज तक्त्याकडे जावे लागते. 1 गिगाहर्ट्झ वेगासाठी तेथे 1.325 व्होल्ट दिलेले आहे आणि त्यावर 2 टक्के सूट धरली की नेमके 1351500 मायक्रोव्होल्ट होतात.

पुढे डिव्हाइस ट्रीची रचना तपासणाऱ्या स्कीमा (नियमावल्या) आल्या आणि गुणधर्माच्या नावातील चुका आपोआप पकडल्या जाऊ लागल्या. लिहिलेला आकडा त्या रेलवरच्या भागांना सोसवतो की नाही, हे मात्र आजही बोर्डाचा सर्किट आराखडा आणि प्रत्येक भागाची डेटाशीट (निर्मात्याने दिलेले तांत्रिक माहितीपत्रक) शेजारी ठेवूनच पडताळावे लागते.