बार्करला दृष्ट लागली नव्हती

12 फेब्रुवारी 2010. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या शिकागो ब्लॅकहॉक्स या क्लबने कॅम बार्कर नावाचा 23 वर्षांचा बचावपटू मिनेसोटा वाइल्डला देऊन टाकला. बदल्यात घेतले दोघे: किम जॉन्सन हा मुरलेला बचावपटू आणि निक लेडी हा 18 वर्षांचा कॉलेजात खेळणारा पोरगा. बार्कर काही साधासुधा नव्हता. 2004 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिला गेला ओव्हेच्किन, दुसरा माल्किन आणि तिसरा हा. आदल्याच हंगामात 68 सामन्यांत 40 गुण. लीगच्या विजेत्याला मिळणाऱ्या कपावर डोळा ठेवून बसलेला संघ ऐन हंगामात असा पोरगा सोडतो? चार महिन्यांत शिकागोने स्टॅन्ली कप जिंकला, 49 वर्षांनी.

4 ऑक्टोबर 2014. क्लब तोच, आणि बाहेर निघालेला बचावपटू म्हणजे तोच निक लेडी. आता तोही 23 वर्षांचा, 2013 च्या विजेत्या संघातला. त्याला न्यूयॉर्क आयलंडर्सकडे पाठवलं. त्या हंगामाच्या शेवटी शिकागोने पुन्हा कप उचलला.

एखाद्या ज्योतिषाला एवढं पुरेल: 23 व्या वर्षी बचावपटू दान करा, कप मिळतो. माझं मत असं की पहिला व्यवहार विज्ञानाच्या बाजूचा होता, दुसरा निव्वळ हिशेबवहीचा. दोन्ही कपांनी यातलं काहीच सिद्ध होत नाही.

आपल्याकडे हॉकी म्हणजे मैदानावरची, म्हणून थोडी ओळख. बर्फावर एका बाजूचे सहा जण: गोलकीपर, तीन आक्रमक, दोन बचावपटू. बचावपटूंच्या तीन जोड्या असतात आणि त्या जेमतेम पाऊण मिनिट खेळून आत-बाहेर करतात. गोल झाला की गोल करणाऱ्याला एक गुण, आणि त्याआधी पक (चेंडूऐवजी असणारी रबरी चकती) पुढे देणाऱ्या दोघांपर्यंत प्रत्येकी एक. शिवाय प्लस-मायनस नावाचा जुना आकडा आहे. तुम्ही बर्फावर असताना आपला गोल झाला तर अधिक एक, समोरच्याचा झाला तर उणे एक. पॉवर प्लेवरचा, म्हणजे समोरचा एक जण शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना केलेला गोल यात धरत नाहीत.

आक्रमकाचं मोजमाप गोलांनी होतं. बचावपटूचं काम म्हणजे काहीतरी न घडू देणं, आणि न घडलेली गोष्ट मोजायची कशी? म्हणून वर्षानुवर्षं प्लस-मायनसवर भिस्त. तो आकडा किती फसवा आहे ते मला स्वतः मांडून बघेपर्यंत पटलं नव्हतं. तुम्हीही कागद घ्या.

दोन्ही बाजूंना पूर्ण खेळाडू असताना चांगला बचावपटू सामन्याला सुमारे 17 मिनिटं बर्फावर असतो. 82 सामने म्हणजे हंगामात 23 तास. तेवढ्या वेळात आपल्या संघाचे 55 च्या आसपास गोल होतात आणि तो अगदी सरासरी खेळाडू असेल तर समोरच्याचेही तेवढेच. आता, गोल ही विरळ घटना. कोणाच्या तरी स्केटला लागून पक आत जातो, कधी खांबाला लागून बाहेर येतो. अशा विरळ आणि एकमेकींवर अवलंबून नसलेल्या घटनांच्या संख्येत निव्वळ योगायोगाने होणारी चढउतार साधारण तिच्या वर्गमूळाइतकी असते. 55 अधिक 55 म्हणजे 110, त्याचं वर्गमूळ साडेदहा.

म्हणजे काय, तर अगदी सरासरी, शून्याचा खेळाडूसुद्धा दर तीन हंगामांतल्या एका हंगामात +10 च्या वर किंवा -10 च्या खाली दिसणार. काहीही न करता! +10 आला की पेपरात ‘भक्कम’, -10 आला की ‘कच्चा दुवा’. पोरगा तोच, पाय तेच.

इथून पुढचा परिच्छेद ज्यांना नको त्यांनी उडी मारावी, पण खरी गंमत त्यातच आहे. समजा एका पोरासमोर हंगामात एकूण 110 गोल झाले आणि त्यातले 66 त्याच्या संघाचे, म्हणजे 60 टक्के. हा खरोखर 60 टक्क्यांचा खेळाडू आहे का? योगायोगाची चढउतार इथे जवळपास 5 टक्क्यांची. आणि लीगमधल्या बचावपटूंच्या खऱ्या कौशल्यातली तफावत समजा 3 टक्क्यांची. दोन्हींचे वर्ग करा: 25 आणि 9. एकूण 34 मधले कौशल्याचे 9, म्हणजे सुमारे पाव. तेव्हा सरासरीपेक्षा दिसणाऱ्या 10 टक्क्यांतले फक्त अडीच खात्यावर जमा करायचे. पोरगा साडेबावन्न टक्क्यांचा. बाकीचे साडेसात पुढच्या हंगामात बहुधा विरघळून जाणार. यालाच सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टनने 1886 मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीत ते दाखवलं: उंच आईबापांची मुलं उंच असतात खरी, पण सरासरी काढली तर आईबापांइतकी नाही.

आपल्या घरांत याचं दुसरं नाव आहे, दृष्ट. पोरीला सहामाहीत 96 टक्के पडले, शेजारणीने तोंडभर कौतुक केलं, वार्षिकला 88 वर आली. मग मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या आणि पुढच्या परीक्षेत 91. घ्या, उतरली दृष्ट! पोरगी मुळात नव्वदची होती हे कोणी बघत नाही. मीठ-मोहऱ्या नेहमी वाईट निकालानंतरच ओवाळतात, म्हणून त्या नेहमी ‘लागू पडतात’. हॉकीवालेही काही कमी नाहीत. अंतिम फेरी गाठल्यावर मिळणाऱ्या करंडकाला हात लावायचा नाही, कप हुकतो, असा त्यांचा समज. पिट्सबर्गच्या सिडनी क्रॉस्बीने 2008 मध्ये हात लावला नाही आणि संघ डेट्रॉइटकडून हरला. 2009 मध्ये तो सरळ उचलला आणि त्याच डेट्रॉइटला हरवून कप घेतला.

योगायोग कमी करायचा तर जास्त वेळा घडणारी गोष्ट मोजायची. गोलांऐवजी गोलाकडे मारलेला प्रत्येक फटका धरा: अडलेला, चुकलेला, गोलकीपरने थोपवलेला, आत गेलेला. याला कोर्सी म्हणतात. नाव बफेलो सेबर्स क्लबचे तेव्हाचे गोलकीपर-प्रशिक्षक जिम कोर्सी यांचं. मोजणी रुळवणाऱ्याला म्हणे फोटोतली त्यांची मिशी आवडली होती. विज्ञानात बारसं असंही होतं. वरच्याच पोरासमोर हंगामात असे फटके दोन्हीकडचे मिळून अडीच हजार होतील. वर्गमूळ 50, आणि टक्क्यांतली चढउतार 5 वरून एकावर. आता 9 आणि 1. दिसतंय त्यातलं बरंचसं खरं.

पण ‘खरं’ म्हणजे त्याचं एकट्याचं नव्हे. कोणाच्या जोडीने खेळतो, समोर कोण येतं, प्रशिक्षक त्याला कुठे उभा करतो, हे सगळं त्या आकड्यात मुरलेलं असतं. आजकाल खेळाडूची सगळी किंमत एका रंगीत पट्टीत आणि दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत मिळते. ती पट्टी बघितली की मला पत्रिकेतले छत्तीस गुण आठवतात.

आता बार्करचे 40 गुण घ्या. 34 पासचे, 6 गोलांचे. दुरून दिलेल्या पासवर पुढे दुसऱ्या कोणी तिसऱ्याला पास दिला आणि गोल झाला, तरी गुण मिळतो. आणि पॉवर प्लेवर मिळणारे गुण प्रशिक्षकाने तिथे उभं केलं म्हणूनही मिळतात. पुढच्या हंगामात ट्रेड होईपर्यंत 51 सामन्यांत 14 गुण. त्या गतीने 68 सामन्यांत 19 झाले असते. एवढी घसरण नुसत्या नशिबाने होत नाही, पण 40 हा त्याचा खरा आकडा कधीच नव्हता. तिसऱ्या क्रमांकाची निवड आणि एक झळाळता हंगाम यांवर मिनेसोटाने 40 ची किंमत मोजली. त्यांच्याकडे पहिल्या पूर्ण हंगामात त्याचे गुण झाले 5, आणि 2011 मध्ये त्यांनी उरलेल्या करारातून पैसे देऊन त्याला मोकळं केलं. पोराला दृष्ट लागली नव्हती. शिकागोच्या कार्यालयात कोणी वर्गमुळं काढली असतील असं माझं म्हणणं नाही, पण झळाळी उतरायच्या आत विकणं हे गणिताला धरूनच होतं. आणि बघा, ताबडतोब कामाला येईल म्हणून घेतलेला जॉन्सन थोडेच सामने खेळला, डोक्याला मार बसला आणि त्या लीगमध्ये पुन्हा उतरला नाही. तरी कप मिळाला.

लेडीची गोष्ट वेगळी. त्याच्यामागे एका हंगामाची झळाळी नव्हती, चार वर्षांचा पुरावा होता. 2014-15 साठी संघाच्या एकूण पगाराची मर्यादा होती 6 कोटी 90 लाख डॉलर, आणि शिकागो तिच्या वर गेलं होतं. कर्णधार टेव्स आणि आक्रमक केन यांना पुढच्या हंगामापासून प्रत्येकी वर्षाला 1 कोटी 5 लाखांचे करार देऊन झाले होते. लेडीचा करार संपत आला होता, त्यालाही घसघशीत पगार द्यावा लागणार होता. सगळ्या लीगला ठाऊक होतं की यांना कोणीतरी काढायचाच आहे, मग भाव कोण देतो? मिळालेल्या तिघांपैकी एकानेही शिकागोत जम बसवला नाही. आयलंडर्सनी चार-पाच महिन्यांत लेडीशी 7 वर्षांचा 3 कोटी 85 लाखांचा करार केला.

माझ्या मते चॅम्पियन संघाने विकू नये तो असाच बचावपटू. आणि त्याची किंमत मेच्या सुमाराला बर्फावर दिसली. बचावपटू रोझिवालचा घोटा मोडला आणि भरवशाचे बचावपटू उरले चार. त्यांतला डंकन कीथ कपासाठीच्या बाद फेरीत 23 सामन्यांत 700 च्या वर मिनिटं खेळला, सामन्याला सरासरी 31, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ बर्फावर. पाचव्या-सहाव्या जागेवर कोणाला उतरवायचं याची रोज पंचाईत. त्या जागांसाठी क्लबने फेब्रुवारीतच फिलाडेल्फियाकडून किमो टिमोनेन आणला होता, ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची निवड देऊन. पायात आणि फुप्फुसात रक्ताच्या गाठी झाल्याने तोवर हंगामभर घरी बसलेला, चाळिशीला टेकलेला माणूस. 15 जूनला टेव्सने कप घेतला आणि सगळ्यात आधी टिमोनेनच्या हातात दिला. त्याने तो डोक्यावर धरला आणि खेळणं सोडलं.