जामठ्यावरून दिसणारी धोनीची कारकीर्द

कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की विदर्भातल्या गावागावांत मोकळ्या वावरात टेनिस बॉलचे सामने रंगतात. या सामन्यांत यष्टिरक्षणाचे काम पूर्वी बहुधा ज्याला गोलंदाजी येत नाही आणि ज्याच्याने धावणेही होत नाही, अशा गड्याच्या गळ्यात पडत असे. ती जागा पोरे मागून घेऊ लागली, याचे बरेचसे श्रेय महेंद्रसिंग धोनीला द्यावे लागते.

भारतीय संघाचीही अडचण काही निराळी नव्हती. फलंदाजीचा भार पेलणारा यष्टिरक्षक सापडत नसल्याने 2003 च्या विश्वचषकात राहुल द्रविडला हातमोजे घालावे लागले होते. खरगपूरला रेल्वेत तिकीट तपासनीस राहिलेल्या रांचीच्या धोनीने डिसेंबर 2004 मध्ये चितगाव येथे पदार्पण केले आणि पहिल्याच सामन्यात तो शून्यावर धावबाद झाला. मात्र 2005 मध्ये विशाखापट्टणमला पाकिस्तानविरुद्ध 148 आणि जयपूरला श्रीलंकेविरुद्ध नाबाद 183 धावा केल्यावर त्याच्या जागेचा प्रश्न उरला नाही. 2007 चा टी-20 विश्वचषक, 2011 चा एकदिवसीय विश्वचषक आणि 2013 ची चॅम्पियन्स ट्रॉफी ही त्याच्या नेतृत्वाखालची विजेतेपदे सर्वांना पाठ आहेत.

नागपूरच्या वर्धा मार्गावरच्या जामठा गावाजवळील मैदानावर मात्र हीच कारकीर्द इतकी सरळ दिसत नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध या मैदानावरची पहिली कसोटी झाली. आधीचा कर्णधार अनिल कुंबळेच्या निवृत्तीनंतर धोनी नियमित कर्णधार म्हणून प्रथमच उतरला होता, आणि तिसऱ्या दिवशी त्याने ऑफ साइडला आठ क्षेत्ररक्षक लावून गोलंदाजांना यष्टीबाहेर मारा करायला लावला. ऑस्ट्रेलियाला दिवसभरात 166 धावाच करता आल्या. या डावपेचावर टीका झाली आणि खेळ कंटाळवाणा झाला हे खरेच, पण सामना आणि मालिका भारताने जिंकली. त्याच कसोटीच्या अखेरीस त्याने शेवटचा सामना खेळणाऱ्या सौरव गांगुलीकडे काही काळ नेतृत्व सोपवले.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2009 मध्ये, धोनीने येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध 107 चेंडूंत 124 धावा केल्या. 2011 च्या विश्वचषकातला भारताचा एकमेव पराभवही जामठ्याचाच: 1 बाद 267 वरून डाव 296 धावांत गडगडला आणि शेवटचे षटक आशिष नेहराला देण्याचा धोनीचा निर्णय अंगलट आला.

डिसेंबर 2012 ची इंग्लंडविरुद्धची कसोटी अधिक बोलकी आहे. मालिकेत मागे पडलेल्या भारताची अवस्था 4 बाद 71 झाली असताना त्याने विराट कोहलीसोबत 198 धावांची भागी केली. एरवीचा फटकेबाज तेथे 246 चेंडू तग धरून राहिला, आणि 99 वर असताना मिडऑफकडे चेंडू ढकलून धाव घेण्याच्या प्रयत्नात अ‍ॅलिस्टर कुकच्या थेट फेकीने धावबाद झाला. सामना अनिर्णित राहिला आणि इंग्लंडने 28 वर्षांनी भारतात मालिका जिंकली.