बूस्ट आणि ॲड: पाचशे रुपयांत लेख वाचकापर्यंत नेताना

सोलापूरच्या नव्या पेठेतल्या दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, वहिनींनी फोन माझ्यापुढं सरकवला. "भावजी, ॲड लावली होती. पाचशे रुपये गेले. लाइक तर बघा किती आलेत! पण वेबसाइटवर कोण फिरकलंच नाही की."

त्यांचं शेंगा चटणीचं घरगुती काम आहे. मुलानं साधी वेबसाइट करून दिल्यापासून त्या तिथं लिहितात, आणि मनापासून लिहितात. ज्या लेखावर हे पाचशे रुपये गेले तो उखळात कुटलेल्या चटणीवरचा. कुटताना दाण्याला तेल सुटतं, चटणी ओलसर होऊन गोळा धरते. मिक्सर एका दमात फिरवला की तेच दाणे कोरडी पूड होऊन बसतात, असं सगळं त्यात सविस्तर. लेख चांगला, फेसबुकवर टाकलेला फोटोही चांगला. पण त्यांनी जी लावली म्हणत होत्या ती ॲड नव्हती. त्यांनी बूस्ट मारला होता, म्हणजे टाकलेल्या पोस्टखालचं बटण दाबून तीच पोस्ट पैसे देऊन जास्त लोकांना दाखवली होती.

आपल्याकडं कापड दुकानदारांपासून क्लासवाल्यांपर्यंत सगळे हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरतात. गोंधळ साहजिक आहे, कारण फेसबुकच्या हिशेबात बूस्टसुद्धा जाहिरातच असते. दोन्हींवर 'प्रायोजित' असं लिहून येतं, पैसे दोन्हींचे जाहिरात खात्यातूनच जातात, आणि बूस्ट केलेली पोस्ट नंतर ॲड्स मॅनेजर (फेसबुकवर जाहिराती बनवायची आणि सांभाळायची वेगळी जागा) उघडलं तर तिथल्या यादीतही सापडते. फरक आहे तो आपण फेसबुकला काम काय सांगितलं, यात. खिशात पाचशे-हजारच असतील तर सगळं त्यावरच ठरतं.

सात रस्त्याला पत्रकं वाटायला एक पोरगा उभा केला असं समजा. त्याला सांगितलं, "जो पत्रक हातात घेईल त्याला दे," तर तो संध्याकाळपर्यंत सगळी पत्रकं संपवून येईल. त्याची काहीच चूक नाही. पण "जो थांबून वाचेल आणि दुकानाचा पत्ता विचारेल असा माणूस बघून दे" असं सांगितलं, तर तोच पोरगा वेगळ्या माणसांकडं जाईल. फेसबुक या पोरासारखं आहे, फक्त त्याला प्रत्येक माणसाची सवय ठाऊक आहे. कोण दिसेल त्या फोटोला लाइक देतो, कोण व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो, कोण लिंक उघडून वाचत बसतो. जाहिरात कुणाला दाखवायची याचा तिथं दर वेळी लिलाव होतो. त्यात आपली बोली आणि जाहिरातीचा दर्जा यांच्यासोबत एक गोष्ट धरली जाते: आपण मागितलेली कृती हा माणूस करेल, याची शक्यता किती. म्हणून मागणीच चुकली की चुकीच्या माणसांचा पाठलाग अगदी इमानेइतबारे होतो.

बूस्ट कसा होतो ते वहिनींच्या फोनवरच बघितलं. पोस्टच्या खाली निळं बटण. ते दाबलं की हेतू, लोक, दिवस आणि रक्कम अशी थोडकी माहिती विचारतात. हेतूच्या जागी आधीच 'आपोआप' निवडलेलं असतं आणि घाईत ते तसंच राहतं. पोस्ट फोटोची असली की आपोआपचा कल बहुधा लाइक, कमेंट नाहीतर मेसेजकडं जातो. वहिनींनी फोटो टाकला होता, लिंक पहिल्या कमेंटमध्ये. फेसबुकनं खमंग चटणीच्या फोटोला लाइक देणारी माणसं शोधली आणि तशी ती मिळालीही. वाचणारी माणसं कुणी मागितलीच नव्हती. बूस्टमध्येही वेबसाइटवर लोक आणण्याचा हेतू निवडता येतो, हे सांगायला हवं. पण तो शोधून निवडावा लागतो आणि पुढची बारीक निवड तिथं फारशी मिळत नाही.

ॲड्स मॅनेजरमध्ये सुरुवातच हेतूपासून होते. तिथं सहा हेतू असतात: ओळख, ट्रॅफिक (वेबसाइटसारख्या ठिकाणी माणसं आणणं), एन्गेजमेंट (लाइक, कमेंट, मेसेज), लीड (गिऱ्हाइकाचं नाव-नंबर मिळवणं), ॲप आणि विक्री. निवडल्याशिवाय पुढं जाता येत नाही. रचना तीन थरांची. वर कॅम्पेन, तिथं हेतू. मध्ये ॲड सेट, तिथं कुणाला दाखवायचं, कुठं दाखवायचं, किती दिवस आणि किती पैसे. खाली खुद्द ॲड, म्हणजे फोटो, मजकूर आणि लिंक. पहिल्यांदा उघडलं की डोळे फिरतात, हे खरं आहे. पण लेख वाचायला माणसं आणायची असतील तर यातली मोजकी बटणंच कामाची. हेतू ट्रॅफिक, ठिकाण वेबसाइट, आणि त्याच्या खाली आणखी एक निवड, जिच्याकडं जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही: 'लिंक क्लिक' हवेत की 'लँडिंग पेज व्ह्यू'.

इथं थोडं थांबू, कारण माझ्या मते थोड्या पैशांतले निम्मे पैसे इथंच गळतात. निकालाच्या तक्त्यात क्लिकचे तीन वेगवेगळे आकडे असतात. 'क्लिक (सगळे)' यात लाइक, कमेंट, फोटो मोठा करून बघणं, पेजच्या नावावर टिचकी, 'आणखी पहा' दाबणं हे सारं येतं. 'लिंक क्लिक' म्हणजे ज्यानं खरोखर लिंकवर बोट ठेवलं तो. आणि 'लँडिंग पेज व्ह्यू' म्हणजे बोट ठेवून, पान उघडेपर्यंत जो थांबला तो. पाचशे रुपयांना पहिल्या आकड्यानं भागलं की क्लिक फार स्वस्त पडल्यासारखा वाटतो, आणि तोच आकडा आपण चारचौघांत सांगतो. लेखासाठी खरा भागाकार शेवटच्या आकड्यानं. समजा दोनशे क्लिक, त्यातले साठ लिंक क्लिक आणि त्यातलीही तीसच पानं उघडली. पहिल्या हिशेबानं क्लिक अडीच रुपयांना पडला, खऱ्या हिशेबानं एक वाचक सतरा रुपयांच्या आसपास.

साठातले तीस गेले कुठं? वहिनींचं पान मी माझ्या फोनवर उघडलं, वायफाय बंद करून. पांढरा पडदा, मग मथळा, मग बराच वेळ काही नाही, आणि सावकाश वरून खाली उतरत आलेला उखळाचा फोटो. कॅमेऱ्यातून निघालेला मोठ्या आकाराचा फोटो जसाच्या तसा चढवलेला. अक्कलकोट रोडला कारखान्याच्या शेडमध्ये उभा असलेला माणूस एवढा वेळ थांबत नाही. फोटो लहान करून पुन्हा चढवायला दहा मिनिटं लागली. जाहिरातीवर रुपया घालण्याआधी करायचं काम हे, आणि ते फुकट आहे.

लँडिंग पेज व्ह्यू नीट मोजायचे तर वेबसाइटवर पिक्सेल बसवावा लागतो. पिक्सेल म्हणजे फेसबुकनं दिलेला छोटा कोड. एकदा बसवला की पुढं आणखी एक फायदा होतो: लेख वाचून गेलेल्यांनाच पुढचा लेख दाखवता येतो. थोड्या पैशांत यापेक्षा चांगले वाचक मिळत नाहीत असं मला वाटतं, कारण ते एकदा आपल्या दारात येऊन गेलेले असतात.

आता लोक निवडायचे. बूस्ट करताना शहर, वय, लिंग, आवड एवढं मिळतं आणि आपण सवयीनं 'सोलापूर' टाकून मोकळे होतो. पण शेंगा चटणीचा लेख सोलापुरात बसून कोण वाचणार? इथं घरोघरी ती आहेच. तो वाचणारा माणूस पुण्यात आहे, पिंपरीत, ठाण्यात आहे. इथून नोकरीला गेलेला, कडक भाकरी आणि चटणीचा डबा गावाहून मागवणारा. चादरीवरच्या लेखाचंही तसंच. उलट पाणी कधी येणार, रस्ता कुठं खोदलाय यावरचा लेख शहराबाहेर दाखवणं म्हणजे पैसे ओतून देणं. लेख कुणाच्या कामाचा आहे ते आधी ठरवायचं, गाव नंतर टाकायचं.

भाषेचा फास वेगळाच. ॲड सेटमध्ये भाषा निवडायची सोय असते आणि लेख मराठीत, म्हणून आपण 'मराठी' निवडतो. ही निवड बरीचशी त्या माणसानं फेसबुक कोणत्या भाषेत ठेवलंय यावर चालते. घरात मराठी बोलणारे किती जण फोन इंग्रजीत ठेवतात ते आपल्याच घरात बघा. ते सगळे गळतात. आपल्या शहरात तर मराठीच्या बरोबरीनं कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलली जाते. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारा माणूस बाहेर मराठी सहज वाचतो. म्हणून मी भाषेचा रकाना कोराच ठेवतो आणि जाहिरातीचं पहिलं वाक्य ठसठशीत मराठीत लिहितो. ज्याला मराठी वाचता येतं तो थांबतो, बाकीचे पुढं सरकतात आणि लिंक क्लिक वाया जात नाही.

कुठं दाखवायचं हेही ॲड सेटमध्येच असतं. आपोआप ठेवलं तर फेसबुक-इन्स्टाग्रामबाहेरच्या ॲप आणि गेममध्येही जाहिरात जाऊ शकते, त्याला ऑडियन्स नेटवर्क म्हणतात. तिथले क्लिक स्वस्त दिसतात, पण गेम खेळताना बोट चुकून लागलेले त्यात पुष्कळ. लेखासाठी मी ते बंद करतो.

पैशांचा हिशेब दोन्हीकडं नीट बघा. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ₹५०० च्या जाहिरातीला खिशातून ₹५९० जातात. आयफोनच्या ॲपमधून बूस्ट करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: ॲपलच्या पेमेंटमधून पैसे गेले तर ३० टक्के सेवाशुल्क वर पडतं. २०२४ मध्ये अमेरिकेपासून याची सुरुवात झाली. तेच काम ब्राउझरमधून केलं तर हे शुल्क लागत नाही.

ॲड्स मॅनेजरची बाजू घेऊन मी बोलतोय खरा, पण तिथंही पैसे घालवायचे रस्ते आहेत. सगळ्यात मोठा म्हणजे तुकडे करणं. पाचशे रुपयांत पाच ॲड सेट, प्रत्येकात वेगळं गाव आणि वेगळं वय. कुणाला दाखवल्यावर काम होतं हे शिकायला फेसबुकला एका ॲड सेटमागं आठवड्याला साधारण ५० निकाल लागतात, म्हणजे आपण मागितलेली कृती तेवढ्या वेळा व्हावी लागते. रोज ₹१०० लावले तर आठवड्याभरात ५० वेळा पान उघडलं जाऊ शकतं. ५० डबे विकले जाणं अवघड. म्हणून थोड्या पैशांत विक्रीचा हेतू निवडू नये आणि एकच ॲड सेट ठेवावा. त्यात फोटो मात्र दोन टाका, एक उखळाचा आणि एक भाकरीवरच्या चटणीचा. आणि रोज सकाळी उठून बदल करू नका. मोठा बदल केला की शिकणं पहिल्यापासून सुरू होतं.

मग बूस्ट कधीच करू नये का? करावा, जिथं पोस्ट हीच सगळी गोष्ट आहे तिथं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वजांचे फोटो टाकलेत, त्यामागं वाचायला वेगळं पान नाही, लोकांनी बघावं, एकमेकांना पाठवावं एवढंच हवं आहे, तर बूस्टइतकं सोपं काही नाही. दुकानाची वेळ बदलली, नवी शाखा निघाली, तिथंही तेच. दोन्ही जोडताही येतात. पोस्टवर आधी चार कमेंट जमू द्यायच्या आणि मग ॲड्स मॅनेजरमध्ये नवी जाहिरात न बनवता 'आधीची पोस्ट वापरा' निवडायचं. पोस्टमध्ये लिंक मात्र हवी. आधीचे लाइक-कमेंट त्याच पोस्टखाली राहतात, आणि अनोळखी माणूस कमेंट असलेल्या पोस्टवर जास्त थांबतो.

पैसे लावायला लेख कोणता निवडायचा, यावर माझं मत पक्कं आहे. आधी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला, नातेवाइकांच्या आणि गल्लीच्या ग्रुपवर टाका. ज्यावर न मागता कुणी काही विचारलं, जो कुणी आपणहून पुढं पाठवला, त्याच लेखावर पैसे लावा. ओळखीच्या माणसांनी ज्याच्याकडं बघितलं नाही तो लेख अनोळखी माणूस पैसे दिले म्हणून वाचणार नाही.

त्या दुपारी दुकानातच नवी ॲड लावली. उखळाचाच लेख, हेतू ट्रॅफिक, मागणी लँडिंग पेज व्ह्यूची, पुणे आणि पिंपरी-चिंचवड, वय ३० च्या पुढं, रोज ₹१००, पाच दिवस. मजकुराची पहिली ओळ वहिनींनीच सांगितली: "मिक्सरमधली चटणी कोरडी का लागते, ते उखळाला विचारा." वेबसाइटच्या लिंकला शेवटी यूटीएमची खूण जोडली, म्हणजे या जाहिरातीतून कोण आलं ते गूगल ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे वेबसाइटवर येणारे मोजणाऱ्या गूगलच्या साधनात, वेगळं दिसेल. मग वहिनींनी विचारलं, "हुरड्यावर पण लिहिलंय मी. त्याला कधी लावायची?"

हुरडा डिसेंबरात सुरू होतो आणि पुण्या-मुंबईची माणसं शनिवार-रविवार धरून येतात. बेत त्याआधी ठरतो. म्हणून त्या लेखाचे पैसे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी बाजूला ठेवायचं ठरलं, आणि फोटो आत्ताच लहान करून ठेवले.