कोलोनचा कलाबाजार आणि झ्विर्नर घराणे

एप्रिल २०१८मध्ये बर्लिनला भरलेल्या एका परिषदेत न्यूयॉर्कचे गॅलरीमालक डेव्हिड झ्विर्नर यांनी एक सूचना मांडली: कलामेळ्यांत, म्हणजे जिथे अनेक गॅलऱ्या भाड्याच्या स्टॉलवर चित्रे विकतात तिथे, मोठ्या गॅलऱ्यांनी जास्त पैसे भरावेत आणि त्यातून लहान गॅलऱ्यांचा भार हलका करावा. जगातल्या आघाडीच्या चित्रव्यापाऱ्यांपैकी एक जण आपणहून खिशात हात घालायला तयार झाला, म्हणून ही बातमी गाजली. पण डेव्हिड कोणाचे चिरंजीव आहेत हे ठाऊक असले की ती जास्त उमगते. आधुनिक कलेचा मेळा हा प्रकारच त्यांच्या वडिलांनी एका सहकाऱ्याच्या साथीने उभा केला होता.

वडील म्हणजे रुडॉल्फ झ्विर्नर, जन्म १९३३. कासेल येथे भरणाऱ्या डॉक्युमेंटा या आधुनिक कलेच्या मोठ्या प्रदर्शनाच्या दुसऱ्या खेपेला, म्हणजे १९५९ साली, ते त्याचे सरचिटणीस होते. त्याच वर्षी त्यांनी एसेन शहरात गॅलरी काढली आणि काही वर्षांत ती कोलोनला नेली. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत नव्या चित्रांचा धंदा करणे सोपे नव्हते. नाझींनी आधुनिक कलेला ‘विकृत’ ठरवून संग्रहालयांतून बाहेर काढले होते, ज्यू व्यापारी आणि संग्राहक देशोधडीला लागले होते, काही मारले गेले. बर्लिनची फाळणी झाल्यामुळे देशाला कलेची राजधानीच उरली नव्हती. गॅलऱ्या एकेका गावात विखुरलेल्या, आणि पैसेवाला संग्राहक खरेदीला पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क गाठायचा.

यावर रुडॉल्फ आणि ‘डेर श्पीगेल’ गॅलरीचे हाइन श्टुंके यांनी उपाय काढला. १९६६ साली त्यांनी प्रागतिक जर्मन कलाव्यापाऱ्यांचा एक संघ स्थापन केला आणि सप्टेंबर १९६७मध्ये त्या संघाच्या वतीने कोलोनच्या ग्युर्त्सेनिश सभागृहात ‘कुन्स्टमार्क्ट’ भरवला. कुन्स्टमार्क्ट म्हणजे सरळसरळ कलाबाजार. ग्युर्त्सेनिश ही पंधराव्या शतकातली वास्तू, शहराच्या मेजवान्या आणि कार्निव्हलचे सोहळे जिथे होतात ती. तिथे १८ गॅलऱ्यांनी आपापले स्टॉल मांडले. अवघ्या काही दिवसांत सुमारे १५ हजार लोक येऊन गेले आणि जवळपास दहा लाख मार्कांची (मार्क हे तेव्हाचे जर्मन चलन) विक्री झाली. गॅलरीच्या दारावरची घंटा वाजवून आत जायला जे बिचकायचे, ते तिकीट काढून बिनदिक्कत आत शिरले, हे मला त्या विक्रीच्या आकड्याहूनही मोठे वाटते. चित्र बाजारात मांडणे हाच कलेचा अपमान, असे म्हणणारेही अर्थात होते.

या यशात एक गोम होती. मेळा संघाचा, म्हणून जागा संघाच्या सभासदांना. परदेशी गॅलऱ्यांना दार बंद, आणि संघाबाहेरच्या जर्मन गॅलऱ्याही ताटकळत राहिल्या. संघाची बाजू अगदीच लंगडी नव्हती. घरचा बाजार नुकता कुठे उभा राहत होता. पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या बड्या गॅलऱ्या आल्या असत्या तर तो त्यांनीच गिळला असता. तरीही माझ्या मते ही या मंडळींची मोठी चूक होती, आणि तिची किंमत त्यांना तीनच वर्षांत मोजावी लागली.

१९६८मध्ये शेजारच्या ड्युसेलडॉर्फला कोनराड फिशर आणि हान्स श्ट्रेलोव्ह यांनी ‘प्रॉस्पेक्ट’ हे प्रदर्शन भरवले आणि त्यात परदेशी गॅलऱ्यांना मुद्दाम बोलावले. १९७०मध्ये तर कोलोनच्याच दारावर थाप पडली. जोसेफ बॉइस, वोल्फ फोस्टेल, क्लाउस श्टेक ही कलावंत मंडळी मेळ्याच्या काचेच्या दारावर किल्ल्या आपटत उभी राहिली. सगळ्यांना आत घ्या, ही त्यांची मागणी. या बॉइस यांचीच ‘कळप’ ही कलाकृती आदल्या वर्षी त्याच मेळ्यात बर्लिनचे गॅलरीमालक रेने ब्लॉक यांनी १ लाख १० हजार मार्कांना विकली होती. फोक्सवॅगनची जुनी व्हॅन आणि तिच्या मागच्या दारातून बाहेर पडणाऱ्या, नमदा, चरबी आणि टॉर्च लादलेल्या २४ घसरगाड्या, अशी ती रचना. हयात जर्मन कलावंताला एवढी किंमत येऊ शकते हे कोलोननेच जगाला दाखवले, आणि तोच कलावंत वर्षभराने दाराबाहेर उभा होता.

खरा फटका बसला तो स्वित्झर्लंडकडून. १९७० सालीच बाझल शहरात एर्न्स्ट बायलर, ट्रुडल ब्रुकनर आणि बाल्ट्स हिल्ट या तीन गॅलरीमालकांनी मेळा सुरू केला आणि तो परदेशी गॅलऱ्यांसाठी खुला ठेवला. पहिल्याच वर्षी १० देशांतून ९० गॅलऱ्या आल्या. आज जगभरात आर्ट बाझल हेच मेळ्यांचे पहिले नाव आहे. कोलोनचा मेळा १९८४पासून ‘आर्ट कोलोन’ म्हणून ओळखला जातो आणि अजूनही भरतो, पण मान बाझलकडे गेला तो गेलाच.

दार मात्र पूर्ण उघडे बाझललाही ठेवता आले नाही. जागा मोजकी असते, अर्ज कितीतरी जास्त येतात, आणि निवड समितीवर बसतात ते गॅलरीमालकच. म्हणजे कोणाला जागा द्यायची हे ठरवणारे बरेचदा त्याच धंद्यातले स्पर्धक. निवड झाली तरी स्टॉलचे भाडे चौरस मीटरवर, शिवाय चित्रांची वाहतूक, विमा, माणसांची राहण्याखाण्याची सोय. बड्या गॅलरीचा हा खर्च एका चित्रात निघतो. लहान गॅलरी एखाद्या नवख्या कलावंताला घेऊन जाते आणि सगळी चित्रे विकली गेली तरी तोट्यात परतू शकते.

डेव्हिड १९६४ साली कोलोनला जन्मले आणि गॅलरीच्या वरच्या घरात वाढले. वडिलांनी १९९२मध्ये गॅलरी बंद केली. १९९३मध्ये मुलाने न्यूयॉर्कच्या सोहो भागात स्वतःची उघडली, आणि पुढे लंडन, हाँगकाँग, पॅरिस, लॉस एंजेलिस इथे शाखा झाल्या. वडिलांच्या पिढीने संघाचा उंबरठा घातला होता. मुलाच्या पिढीत तो पैशाचा झाला. बर्लिनमधली सूचना याच उंबरठ्याबद्दल होती. त्याच वर्षी आर्ट बाझलने भाड्याची नवी रचना जाहीर केली: २०१९पासून लहान स्टॉलला चौरस मीटरमागे कमी दर, मोठ्याला जास्त.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही येतो. दिल्लीत २००८मध्ये ‘इंडिया आर्ट समिट’ नावाने सुरू झालेल्या मेळ्यात, म्हणजे आजच्या इंडिया आर्ट फेअरमध्ये, आर्ट बाझलच्या मालक एमसीएच कंपनीने २०१६ साली ६०.३ टक्के हिस्सा घेतला. फेब्रुवारी २०१८मध्ये, बर्लिनच्या त्या परिषदेच्या दोनच महिने आधी, डेव्हिड झ्विर्नर यांच्या गॅलरीचा स्टॉल प्रथमच दिल्लीत लागला. पुढच्या वर्षी एमसीएचने आपला हिस्सा लंडनच्या अँगस माँटगोमरी कंपनीला विकला. मुंबईने मात्र कोणा परदेशी मेळ्याची वाट पाहिली नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ भरला, तो इथल्याच कलाव्यवसायातल्या मंडळींनी पुढाकार घेऊन.