ब्रेक धरून बसलाय की लागतच नाही?

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी अंगणातच पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलले. संध्याकाळी यवतेश्वरचा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवला की गाडी डावीकडे जायची. घरी आल्या आल्या डावं चाक खोललं. काही सापडलं नाही. बसवलं, पुन्हा खोललं. निम्मी हयात ट्रकखाली काढलेले शेजारचे अण्णा कट्ट्यावरून बघत होते. म्हणाले, "गाडी डावीकडं वढती म्हणून डावंच चाक कशापायी सोडतोयस? उजवं बघितलंस का?"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं माझं चाललं होतं.

गाडी वळते ती जास्त ब्रेक लागणाऱ्या चाकाकडे. म्हणजे डावीकडे ओढ असेल तर एक तर डावा ब्रेक धरून बसलाय, नाहीतर उजवा नीट लागत नाहीये. स्टिअरिंगवरच्या हाताला दोन्ही सारखंच जाणवतं, दुरुस्ती मात्र वेगवेगळ्या चाकांची.

धरून बसलेला ब्रेक पाय काढल्यावरही सुटत नाही. त्यामुळे ब्रेक न मारताही गाडी त्या बाजूला सरकते, न्यूट्रलमध्ये सोडली तर लवकर थांबते, चाकाजवळ जळका वास येतो. न लागणारा ब्रेक एरवी गुपचूप असतो. गाडी सुतासारखी सरळ जाते आणि पेडल दाबलं की दुसऱ्या बाजूला झेपावते.

खात्री करायची तर ती घाटात नको. तिथे उतार, वळणं आणि सतत ब्रेक, सगळी चाकं तापलेलीच असतात. महामार्गाच्या सर्व्हिस रस्त्यावर गर्दी नसताना चार-पाच किलोमीटर जा, ब्रेक जवळपास न मारता गाडी आपसूक थांबू द्या आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या. डिस्कला, म्हणजे पॅड ज्या लोखंडी चकतीवर दाबले जातात तिला, हात लावू नका, भाजेल. एक चाक तापलेलं असेल तर तेच धरतंय. मग परत जाताना दहा-बारा वेळा नेहमीसारखे ब्रेक मारा. आता जे चाक दुसऱ्यापेक्षा थंड, ते कामचुकार. एक लक्षात ठेवा, पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालवतो, तेव्हा डावीकडे किंचित कल हा रस्त्याचाही असू शकतो.

धरणाऱ्या चाकाचं मूळ शोधायला जॅक लावून, मागच्या चाकांना दगड देऊन, गिअर न्यूट्रलला ठेवून चाक हाताने फिरवा. पॅड हलकासा घासला तर चालतं. जाम असेल तर कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, जरासा सैल करा. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब आत अडकलाय, संशय होजवर, म्हणजे कॅलिपरला ऑइल नेणाऱ्या रबरी नळीवर. काम करताना कॅलिपर होजवरच लोंबकळत ठेवला असेल तर होज आतून फाटू शकतो. मग पेडलचा दाब आत जातो पण परत येत नाही. कॅलिपर तारेने बांधून ठेवायचा असतो, हे मला उशिरा कळलं. निपल सोडूनही चाक जामच असेल तर पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) किंवा स्लायडर पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो) अडकलीय. निपल पुन्हा घट्ट करून ऑइलची पातळी बघायला विसरू नका.

ही पिन मोठी फसवी. तिच्यामुळे ब्रेक धरूनही बसतो आणि अर्धवटही लागतो, कारण कॅलिपर सरकला नाही तर आतला पॅडच काम करतो आणि बाहेरचा नुसता शोभेला. एकाच चाकाचे दोन पॅड कमी-जास्त झिजलेले दिसले की पिन बघा. तिला साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस मिळतं.

लोक मात्र लगेच "एअर धरली असेल" म्हणतात, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली असेल. एअर असेल तर आधी पेडल स्पंजासारखं लागतं, खोल जातं. पेडल टणक असताना नुसती ओढ असेल तर मी एअरच्या मागे लागणार नाही. कॅलिपर काढलेच असतील तर एक बघा, निपल वरच्या बाजूला आहे ना? डावा-उजवा अदलाबदल झाला तर निपल खाली जातो आणि कितीही ब्लीडिंग केलं, म्हणजे निपलमधून हवा काढायचा प्रयत्न केला, तरी वरची एअर निघत नाही.

माझ्या गाडीचं पेडल टणक होतं आणि उजवं चाक थंड. खोललं तर उजव्या पॅडच्या घासणाऱ्या बाजूवर ग्रीसचा ठसा, माझ्याच अंगठ्याचा. घासून साफ करू म्हटलं तर अण्णांनी करू दिलं नाही. तेल मुरलेला पॅड पुन्हा लावायचा नाही, आणि नवे आणायचे ते दोन्ही चाकांचे, असं त्यांचं म्हणणं. एका दिवसाच्या पॅडांचा जोड गेला.